ऑइल गळतंय? सील बदलण्याआधी ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा

गाडीखाली ऑइलचे थेंब दिसायला लागले की गॅरेजमध्ये पहिला शब्द निघतो ‘सील’. दुसरा ‘पॅकिंग’. आणि गाडी लाख-दीड लाख किलोमीटर चाललेली असेल तर तिसरा ‘इंजिनकाम’. या तिन्हींच्या आधी अर्धा तास काढून इंजिनाच्या ब्रीदरची लाइन, म्हणजे आतला वायू बाहेर काढणारी वाट, आणि तिच्यातला पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा, एवढंच मला सांगायचं आहे. माझं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरात आहे. क्रँक ग्राइंड करणारे, ब्लॉक बोअर करणारे इथं हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळं इंजिन खोलणं सोपं पडतं. सोपं पडतं म्हणूनच ते गरज नसताना खोललं जातं, आणि काही शे रुपयांच्या व्हॉल्व्हपायी गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे तपासणी पाठ करावी लागणार नाही.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी त्या सिलिंडर शंभर टक्के बंद करत नाहीत. तापल्यावर रिंग वाढते, म्हणून तिच्या दोन टोकांत फट ठेवावीच लागते. लहान पेट्रोल इंजिनात ती साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर असते. वर मिश्रण जळतं तेव्हा सिलिंडरमधला दाब ५० बारच्या आसपास जातो, डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढ्या दाबाखाली थोडा वायू रिंगांच्या कडेनं खाली ऑइल चेंबरकडं निसटतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. आमच्याकडं बॅक कॉम्प्रेशन. निरोगी इंजिनातही ते असतं, झिजलेल्या इंजिनात जास्त असतं.

हा वायू आतच राहिला तर दोन प्रकारे नुकसान करतो. एक म्हणजे दाब. क्रँकची सीलं, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल मोजायच्या गेजपट्टीची रबरी रिंग हे सगळं ऑइल अडवण्यासाठी बनवलेलं असतं, दाब पेलण्यासाठी नाही. आत थोडा दाब साठला की ऑइल सर्वात कमजोर जागेतून बाहेर पडतं. दुसरं नुकसान ऑइलचं. या वायूत न जळलेलं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण जे खाली उतरतं ते थंड इंजिनात थिजून ऑइलमध्ये मिसळतं, आम्ल तयार होतं, ऑइल घट्ट होत जातं आणि शेवटी काळा गाळ बसतो.

पूर्वीच्या गाड्यांत यावर उपाय म्हणजे ब्लॉकमधून खाली रस्त्याकडं सोडलेली एक उघडी नळी. गाडी पळत असली की खालच्या वाऱ्यानं वायू ओढला जायचा, आणि उभ्या गाडीत काहीच ओढलं जायचं नाही. पळतानाही घाण थेट हवेत जायची. लॉस एंजेलिसच्या धुरक्याची कारणं शोधताना गाड्यांच्या या नळीकडं लक्ष गेलं. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियानं हा वायू परत इंजिनात नेऊन जाळायची व्यवस्था सक्तीची ठरवली, आणि १९६३ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या अमेरिकी गाड्यांना ती लागू झाली. तीच ही पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन; क्रँककेस म्हणजे आपला ऑइल चेंबर. उघडी नळी बघायची असेल तर उसाच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या खाली डोकवा. तिच्या टोकाला ऑइलचा थेंब लोंबकळत असतो.

वाट कशी जाते

साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडा. टॅपेट कव्हरजवळ दोन नळ्या शोधायच्या. एक जाडसर नळी एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या डक्टमधून कव्हरवर येते; ही स्वच्छ हवेची, फिल्टरमधून गाळून आलेली. दुसरी बारीक नळी इंजिनातून निघून थ्रॉटलच्या पलीकडं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर जाते. तिच्या एका टोकाला पीसीव्ही व्हॉल्व्ह बसलेला असतो. कुठं कव्हरमधल्या रबरी ग्रोमेटमध्ये दाबून, कुठं आट्यांवर, कुठं ब्लॉकच्या बाजूला मॅनिफोल्डखाली. मॅनिफोल्डमधली ओढ चेंबरमधला वायू खेचते, त्या जागी स्वच्छ हवा आत येते. चेंबर सतत धुतला जातो.

खरी करामत व्हॉल्व्हमध्ये आहे. आत एक स्प्रिंग आणि निमुळता प्लंजर, एवढंच. स्लो रनिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असतं, मॅनिफोल्डमधली ओढ सर्वांत जास्त असते, पण बॅक कॉम्प्रेशन कमी असतं. जोरदार ओढीनं प्लंजर पुढं खेचला जातो आणि वाट अरुंद करतो. तसं केलं नाही तर जास्तीची हवा जाऊन स्लो बिघडेल. सरळ रस्त्यावर ६०-७० च्या वेगानं चाललात की ओढ मध्यम होते, स्प्रिंग प्लंजरला मागं ढकलते आणि वाट रुंद होते; वायूही तेव्हा जास्त तयार होत असतो. मॅनिफोल्डमध्ये भडका उडाला किंवा इंजिन बंद झालं की प्लंजर मागं जाऊन पूर्ण बंद बसतो, म्हणजे ज्वाळा चेंबरमधल्या वाफेपर्यंत पोचत नाही.

राहिला चौथा प्रसंग, आणि लक्षणं ओळखताना हाच कामाला येतो. आंबा घाट चढताना पाय खाली दाबलेला असतो, थ्रॉटल पूर्ण उघडं. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ओढ जवळजवळ नसते आणि बॅक कॉम्प्रेशन मात्र भरपूर असतं. जास्तीचा वायू स्वच्छ हवेच्या नळीतून उलटा फिरतो आणि एअर फिल्टरच्या पुढच्या डक्टमध्ये येऊन तिथून इंजिनात जातो. म्हणून त्या डक्टमध्ये ऑइलचा हलका ओलावा असणं स्वाभाविक आहे. पण साध्या गावातल्या वापरात एअर फिल्टरचा कागदच ऑइलनं भिजलेला निघाला, तर पीसीव्ही बंद पडलाय किंवा रिंगा गेल्यात. दोन्हींचा निकाल पुढं लावू.

लक्षणं

व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर टॅपेट कव्हरच्या कडेनं ऑइल, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल, आणि कधीकधी गेजपट्टी आपोआप वर सरकलेली दिसते. उघड्या अवस्थेत अडकला तर स्लो खालीवर होतो, मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, आणि ऑइल ओढलं जाऊन निळसर धूर येतो. गगनबावड्याच्या करूळ घाटातून गिअरमध्ये उतरताना थ्रॉटल बंद असतं, ओढ जबरदस्त असते. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिल्या दिल्या निळा भपका निघाला तर पीसीव्ही आणि हेडमधल्या व्हॉल्व्हची सीलं या दोघांवर संशय घ्या.

ऑइल कॅपच्या आत पांढरट-पिवळसर चिकट फेस दिसला की लोक घाबरतात, हेड पॅकिंग गेलं म्हणतात. थांबा. पावसाळ्यात राजारामपुरीतून लक्ष्मीपुरीत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं ऑइल नीट तापतच नाही. वाफ कॅपखाली थिजते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हे आणखी ठळक दिसतं, कारण त्या वायूत कार्बनच्या मानानं हायड्रोजन जास्त आणि त्यामुळं जळल्यावर पाणीही जास्त. गेजपट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी कमी होत नसेल, तर कॅप पुसा, गाडी हायवेवर पाऊण तास पळवून आणा आणि पीसीव्ही तपासा. गेजपट्टीवरचंच ऑइल दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी चालू करू नका. तो वेगळा आजार आहे.

तपासणी

गाडी सपाट जागेत, हँडब्रेक लावलेला, जागा मोकळी. बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवू नका. बाह्या वर करा. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो.

पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी बघा. दोन्ही नळ्या हातानं दाबून पाहा. ऑइल पिऊन मऊ, फुगीर झालेली नळी ओढीनं आतून चिकटते आणि बाहेरून शाबूत दिसते. उलट, कडक झालेल्या नळीला वाकणापाशी खालच्या बाजूनं चीर जाते, जी वरून दिसत नाही. बोट फिरवून शोधा. कॅपची आणि गेजपट्टीची रबरी रिंगही बघा. तिथून हवा शिरली तर ती न गाळलेली असते, आणि आपल्या कच्च्या रस्त्यांची धूळ थेट ऑइलमध्ये जाते.

मग इंजिन तापवून स्लोला ठेवा. व्हॉल्व्ह हाताला येत असेल तर तो कव्हरमधून काढा, नळी त्याला तशीच जोडलेली राहू द्या, आणि उघड्या तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा खेचला गेला पाहिजे आणि आत ‘टक्’ झालेलं हाताला कळलं पाहिजे. ओढच नसेल तर व्हॉल्व्ह काढून नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा. आता ओढ लागली तर व्हॉल्व्ह बंद, तरीही लागली नाही तर नळी किंवा मॅनिफोल्डचं छिद्र कार्बननं बुजलंय. दुसरा प्रकार हात फक्त नळीपर्यंतच पोचत असेल तेव्हाचा: पक्कडीला कापड गुंडाळून नळी हलकेच दाबा. इंजिनाचे फेरे किंचित पडून परत सावरले पाहिजेत.

काढलेला व्हॉल्व्ह कानाजवळ हलवा. शिट्टीतल्या मण्यासारखा खुळखुळला पाहिजे. पण खुळखुळला म्हणजे चांगला, असं समजू नका. स्प्रिंग मऊ झालेला व्हॉल्व्हही खुळखुळतो. स्वच्छ नळी लावून इंजिनाच्या बाजूनं फुंका, हवा गेली पाहिजे. मॅनिफोल्डच्या बाजूनं फुंका, अडली पाहिजे. व्हॉल्व्हला थेट तोंड लावू नका.

ऑइल कॅप काढून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, विशेषतः जुनी गाडी घेणाऱ्यांना. तिच्याबद्दल दोन गोष्टी. ‘कॅप काढल्यावर गाडी थरथरली तर इंजिन चांगलं’ हे सरसकट खरं नाही. जिथं हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो, तिथं कॅपमधून शिरलेली हवा मोजणीत येत नाही, म्हणून इंजिन अडखळतं. जिथं सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, तिथं फारसा फरक पडत नाही, आणि दोन्ही इंजिनं ठणठणीत असू शकतात. त्यापेक्षा डक्टकडची स्वच्छ हवेची नळी काढून तिचं तोंड बोटानं बंद करा, आणि कॅपच्या भोकावर वहीचा पातळ कागद ठेवा. मिनिटभरात तो हलकेच खाली ओढला जाऊन बसला, तर व्यवस्था चालू आहे. तीन सिलिंडरच्या गाडीत थोडा फडफडतो, ते चालतं. वर उडत राहिला तर आत दाब आहे.

याहून नेमकं मोजायचं असेल तर गवंड्याची लेव्हल नळी आणा. गाड्यांच्या प्रदूषणाची आपली बीएस (भारत स्टेज) मानकं ज्या युरोपीय धर्तीवर बेतली आहेत, त्यात क्रँककेसच्या वायूची स्वतंत्र चाचणी आहे: गेजपट्टीच्या भोकाला तिरका मॅनोमीटर जोडून दाब मोजायचा, आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त भरता कामा नये. आपण तेच पारदर्शक नळीनं करतो. नळीचा इंग्रजी ‘यू’सारखा झोका बांधा, खालच्या बाकात रंगीत पाणी भरा, दोन्ही बाजूंना किमान हातभर मोकळी उंची ठेवा, आणि एक टोक गेजपट्टीच्या नळीला घट्ट बसवा. ही नळी चालू इंजिनावर जोडा, इंजिन बंद करण्याआधी काढा. स्लोला पाणी इंजिनाच्या बाजूला थोडं वर चढलं तर आत हलकी ओढ आहे, हवी तशी. बाहेरच्या बाजूला ढकललं गेलं तर दाब. कॅप आधीच ओढीनं चिकटून निघत नसेल तर हा प्रयोग करू नका, पाणी सरळ चेंबरमध्ये जाईल.

एक गाडी

गारगोटीच्या एका सरांची आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक माझ्याकडं आली तेव्हा तिचं मागचं क्रँक सील दुसरीकडं दोनदा बदललेलं होतं. हे सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे दोनदा सगळी मजुरी. तरीही गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब चालूच. सर म्हणाले, आता इंजिनच उतरवा. मी आधी गेजपट्टीकडं बघितलं. ती बोटभर वर उठलेली होती. कागद भोकावर टिकेना. व्हॉल्व्ह काढला तर खुळखुळत नव्हता. आत प्लंजर काळ्या चिकट थरात रुतून बसला होता, आणि मॅनिफोल्डकडची नळी वाकणापाशी आतून चिकटलेली. व्हॉल्व्ह, नळी आणि ग्रोमेट नवं टाकलं, सांधा धुऊन कोरडा केला आणि सील न बदलता गाडी दिली. पुढच्या सर्व्हिसिंगला सांधा कोरडा होता. नेहमी असंच होत नाही. सीलचा ओठ उलटला असेल तर सील बदलावंच लागतं, पण ते दाब काढल्यावर. दाब तसाच ठेवून बसवलेलं नवं सीलही गळणार.

बदलताना

गाडी थोडी निवू द्या. ग्रोमेट जुनं असेल तर कडक झालेलं असतं; व्हॉल्व्ह सरळ उपटू नका, गोल फिरवत काढा, नाहीतर ग्रोमेटचा तुकडा कव्हरच्या आत पडतो आणि मग कव्हर उघडायची वेळ येते. नव्या ग्रोमेटला बोटानं इंजिन ऑइल लावा. प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह जास्त जोरानं दाबला की तडकतो.

व्हॉल्व्ह पार्ट नंबर बघूनच घ्या. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन व्हॉल्व्हची स्प्रिंग वेगळी असते, कारण ती त्या त्या इंजिनाच्या ओढीला बेतलेली असते. कार्ब क्लीनरनं धुऊन जुना व्हॉल्व्ह वापरणं गावाकडं गाडी अडकली तर ठीक आहे, कायमचं नाही. नळीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही: पाण्याची साधी रबरी नळी लावायची नाही. ती ऑइलनं फुगते आणि ओढीनं चपटी होते. ऑइल आणि पेट्रोल सोसणारी, ओढीखाली न दबणारी नळीच लागते. मॅनिफोल्डचं छिद्र क्लीनरनं आणि हातानं फिरवलेल्या ड्रिल बिटनं साफ करा. कार्बन आत ढकलू नका, बाहेर काढा. ऑइल काळंकुट्ट आणि गाळयुक्त असेल तर त्याच वेळी ऑइल आणि फिल्टरही बदला.

किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात बघा. मी प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी नळ्या दाबून बघतो आणि एक आड एक वेळी व्हॉल्व्ह काढून बघतो.

डिझेल आणि टर्बो

डिझेलमध्ये पेट्रोलसारखी मॅनिफोल्डची ओढ नसते. तिथं वायू ऑइल सेपरेटर आणि पडद्याच्या रेग्युलेटरमधून टर्बोच्या तोंडाशी जातो. टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा ओलसर थर त्यामुळंच असतो. तो बघून टर्बो काढायला सांगितलं तर आधी सेपरेटर साफ आहे का ते विचारा. डिझेलचा ब्रीदर कधीही बुजवू नका, आणि ऑइल वरच्या खुणेच्या वर भरू नका. ब्रीदरमधून जास्त ऑइल इनटेकमध्ये गेलं तर डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून जाळतं आणि किल्ली बंद करूनही पळत सुटतं.

टर्बो पेट्रोलमध्ये बूस्ट आला, म्हणजे टर्बो हवा दाबून भरू लागला, की मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब असतो. म्हणून दोन वाटा आणि दोन एकेरी व्हॉल्व्ह असतात, आणि अनेक गाड्यांत पडदा टॅपेट कव्हरच्या आतच बसवलेला असतो. तो फाटला की स्लोला बारीक शिट्टी ऐकू येते, कॅप ओढीनं घट्ट चिकटते, आणि काढल्याबरोबर शिट्टी थांबते. काही गाड्यांत अख्खं कव्हर बदलावं लागतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत ही वाफ इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन जमवते, कारण तिथं पेट्रोलनं व्हॉल्व्ह धुतला जात नाही. बाजारात मिळणारा ऑइल पकडणारा डबा रोजच्या गाडीला मी लावत नाही. वेळेवर रिकामा केला नाही तर तोच वाट बुजवतो.

रिंगा गेल्यात का

व्हॉल्व्ह, नळ्या, छिद्र सगळं मोकळं केलं आणि तरीही कागद उडतो, कॅपमधून धूर ठोक्याठोक्यानं येतो, तर कॉम्प्रेशन तपासा. इंधन आणि इग्निशन तोडा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून एकेक सिलिंडर मोजा. जो कमी आला त्यात चहाचा चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलंय. हलला नाही तर हेडमधले व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगकडं बघा. हे आकडे कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि मगच इंजिन उतरवायचं बोला.